दुसऱ्या तोंडाची शाई

बाबा गेल्याला सात आठवडे झाले, तेव्हा मुलीने मोजणी कार्यालयातून आठवड्याची रजा काढली आणि दोन तास बसने प्रवास करून आईकडे आली. आईचं फोनवर म्हणणं साधं होतं. मागच्या खोलीतलं कपाट तिला नको होतं. त्यावर धूळ बसते, ती पुसायला त्या खोलीत जावं लागतं आणि त्या खोलीकडे तिचा पाय वळत नाही. तेव्हा ज्या कोणाचं ते आहे त्याने येऊन काय ते बघावं.

ज्या कोणाचं म्हणजे मुलीचंच. दुसरं होतं कोण?

बाबांनी आयुष्यभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. बाबा त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचे, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायचे आणि तिच्यात एकेक दात बसवायचे. रस्त्यात कोणी म्हातारा हसला की ते चेहऱ्याऐवजी दात बघायचे आणि आईला कोपराने ढोसून हळूच सांगायचे, "हे आपलं." आई म्हणायची, लोक ओळख दाखवतात तर तुम्ही आपले तोंडात डोकावता, चारचौघांत जरा तरी धरबंध ठेवा.

कपाट प्लास्टरच्या साच्यांसाठी करून घेतलेलं होतं. बत्तीस उथळ खण. बत्तीसच का, असं कोणी विचारलं की बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे की मुद्दाम. खरं म्हणजे सुताराकडे तेवढंच लाकूड उरलं होतं. लॅब बंद झाली तेव्हा साचे फेकले गेले, कपाट घरी आलं, आणि त्यात साच्यांच्या जागी कार्डं आली. लॅबची कामाची कार्डं. एका बाजूला वरच्या आणि खालच्या दातांची छापील कमान, रंगाचा क्रमांक आणि वैद्याची सही यांसाठी रकाने. दुसरी बाजू कोरी. अशा कोऱ्या कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाबांनी लॅबमधून उचलून आणले होते, आणि त्या कोऱ्या बाजूवर त्यांनी एक अख्खी भाषा लिहून ठेवली होती.

त्या भाषेला नाव नव्हतं. बोलणारी माणसं दोनच असली की नाव लागत नाही. नाव ठेवायला तिसरं माणूस लागतं, आणि ते काम आईने केलं. ती म्हणायची गुळणी. "झाली का बापलेकीची गुळणी? मग जेवायला या."

गुळणी सुरू झाली ती मुलीच्या सातव्या वर्षी. वरचे दोन आणि खालचे दोन दात एकदमच पडले होते आणि शाळेत तिचा प्रत्येक स शिट्टीसारखा वाजायचा. पोरं तिला मुद्दाम स असलेले शब्द म्हणायला लावायची. ती घरी येऊन गप्प बसली. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी बाबांनी तिला लॅबमधल्या उंच स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की तोंडात एकही दात नसला तरी म, प, ब, क, ग, ह आणि य कोणाच्या बापाला अडवता येत नाहीत. म्हणून बघ. तिने म्हणून बघितले. सगळे नीट आले. मग याच एवढ्यांतून आपण बोलायचं, ते म्हणाले, आणि ज्यांना दात आहेत त्यांना ते कळणार नाही.

दात नसलेल्या तोंडासाठी केलेल्या या भाषेतल्या तुकड्यांना बाबांनी दातच म्हणावं, हा त्यांचा विनोद. क्रियापदाचा मूळ तुकडा ती हिरडी. बे म्हणजे ठेवणं, हू म्हणजे वळणं, अशा साठ-सत्तर हिरड्या. एकटी हिरडी काही कामाची नाही, तिच्यात पुढून आणि मागून दात बसवायचे. पुढचे दात सांगणार कोणी, कोणाला, कोणासाठी. मागचे सांगणार कसं, कुठून, कितव्यांदा. दाढा सांगणार की हे तुला कळलं कशावरून, बघून, ऐकून, की नुसतं हाताला जाणवून. सगळे बसले की एक लांबलचक शब्द व्हायचा आणि त्यात एक अख्खं वाक्य मावायचं. बाबा मेणाचा ससा करून घरात कुठेतरी लपवायचे आणि दारातून म्हणायचे, "कोगाबेमूयी." म्हणजे मी तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय, लपवून, आणि ते तुला सापडेल अशी माझी खात्री आहे. सगळ्यात शेवटी एक जागा रिकामी ठेवलेली असायची. तिथे काय येतं, असं तिने विचारलं तर ते म्हणायचे, ती अक्कलदाढ. बोळकोबाई, ती तुला अजून फुटायची आहे.

बोळकोबाईचे दात आले. तरी पुढची सात वर्षं भाषा चालूच राहिली. चौदाव्या वर्षी एका मैत्रिणीने दारातून ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करून दाखवली. त्या संध्याकाळी मुलीने रोजच्या भाषेत सांगितलं, "बाबा, आता पुरे." बाबा म्हणाले, "बरं." आणि खरोखरच पुरे केलं. त्यानंतर त्यांनी तिच्याशी एक शब्द गुळणीत काढला नाही, आणि तिची समजूत झाली की त्यांनीही तो नाद सोडला असेल.

सोडला नव्हता. खण उघडले तेव्हा तिला ते कळलं. आठशे एकोणसाठ कार्डं होती, एका कार्डावर एक दात. तीनशे बारा शाईने लिहिलेली, वळणदार, बाबांच्या चाळिशीतल्या अक्षरात. ती बहुतेक सगळी तिच्या ओळखीची होती. उरलेली पाचशे सत्तेचाळीस शिसपेनीने लिहिलेली, अर्धीअधिक पुसट, आणि जसजसे खण खाली जात होते तसतसं अक्षर थरथरत गेलेलं. ही एकही तिला माहीत नव्हती.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा विभाग होता. तिथल्या बाईंशी ती आधीच बोलली होती. बाईंना फारच रस वाटला. असं घरगुती काम सहसा राहत नाही, रद्दीत जातं, आम्ही जरूर घेऊ, त्या म्हणाल्या. शुक्रवारी गाडी घेऊन येतो. फक्त शिसपेनीचं लिखाण यंत्रात नीट उमटत नाही, ते जरा ठळक करता आलं तर बरं. त्यांनी भरायला एक अर्जही पाठवला होता. भाषेचं नाव. बोलणाऱ्यांची संख्या. मुलीने पहिल्या रकान्यात रेघ मारली. दुसऱ्यात बराच वेळ पेन टेकवून बसली आणि मग लिहिलं, एक.

बाबा बोलत होते तोवर त्या भाषेला कोणीतरी होतं. आता जे काही होतं ते या खणांत आणि तिच्या डोक्यात, आणि तिच्या डोक्याचा तिला भरवसा नव्हता. म्हणून कार्डं धड, पूर्ण आणि वाचता येतील अशी जायला हवी होती. तेवढं एक तिच्या हातात होतं.

आणि ते तिच्या हातचं कामही होतं. वीस वर्षं मोजणी कार्यालयात ती तेच करत आली. मोजणीदार शेतात उभं राहून शिसपेनीने रेघा मारून आणतात, ती त्यावर शाई फिरवते, रबराने शिसं पुसून टाकते, आणि मगच तो नकाशा होतो. आता संगणक आले तरी जुने नकाशे फाटले की त्यांची नक्कल तिच्याकडेच येते. शिसपेनीचं ते कच्चं, शाईचं ते सरकारचं, असं तिथले साहेब म्हणतात. कोणाच्याही अक्षराची ती अशी नक्कल करते की मूळ लिहिणाराही फसावा. ती त्या कामात गर्क असली की शेजारच्या टेबलावरचे लोक तिला हाक मारायचं विसरतात. जेवणाच्या सुट्टीतही विसरतात. तिचंही काही म्हणणं नसतं.

सोमवारी सकाळी तिने बाबांच्या टेबलावर दिवा ओढला, त्यांची दौत उघडली, त्यांचंच पेन धुऊन घेतलं आणि बसली. बाबांचं काम अर्धवट राहिलं होतं, ते ती पुरं करणार होती. चाळिशीतलं त्यांचं अक्षर समोर होतंच. ते तिने गिरवून हातात बसवलं आणि शिसपेनीच्या रेघांवरून फिरवायला सुरुवात केली. अक्षर जिथे थरथरलं होतं तिथे तिने ते सरळ केलं. शाई वाळली की रबर फिरवलं. दिवसाला दीडशेच्या आसपास कार्डं होत होती.

कार्डं वाचत नव्हती असं नाही. लिहिताना वाचून होतंच. एका कार्डावर होतं: मागचा दात, गोय. फोनवरून कळलं, आणि बोलणाऱ्याला घाई होती. दुसऱ्यावर: पुढचा दात, किहा. ज्याच्यासाठी केलं तो दुसऱ्या खोलीत आहे. आणखी एक: दाढ, हापे. शब्दांवरून नव्हे, आवाजावरून ओळखलं. एक असं होतं की तिने पेन खाली ठेवलं आणि खिडकीपाशी जाऊन आली. यामू. विचारायचं होतं, पण समोरच्याची बस सुटायची वेळ झाली होती. मग परत येऊन तिने त्यावरही शाई फिरवली, यामूचा मू जरा तिरका होता तो नीट केला आणि कार्ड वाळत ठेवलं.

आई या चार दिवसांत खोलीत आली नाही. जेवायला हाक मारायची, ती दारापासून चार पावलं लांबून. जेवताना दोघी इकडचं तिकडचं बोलायच्या. गुडघा कसा आहे, वरच्या मजल्यावर कोणी नवीन राहायला आलंय का, नळाचा वायसर बदलायला हवा. आई मध्येच म्हणाली की तुझ्या हाताला शाई लागलीय, घासून धू, आणि पुढे काही विचारलं नाही. मुलीला वाटलं, आईला या कपाटाचा जो राग होता तो अजून गेलेला नाही. एका घरात दोन माणसं सात वर्षं तिसरीच्या देखत तिला न कळणाऱ्या भाषेत बोलत होती. राग नसता तरच नवल.

गुरुवारी दुपारी तेवीस कार्डं उरली होती. मुलगी हात मोकळे करायला उठली, आणि मागे वळली तर आई उंबऱ्यात उभी. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. खोलीभर कार्डं मांडलेली होती, पलंगावर, खिडकीत, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून. सगळी काळीभोर.

आईने खाली वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्याने नाही म्हटलं, तेव्हा पलंगावरचं एक कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"ही शाई त्यांनी भरली?"

"मी भरली. बाबांची शिसपेनीतच राहिली होती ना सगळी. ते व्हायचं राहून गेलं होतं."

"राहून गेलं नव्हतं," आई म्हणाली. "ठेवलं होतं."

मुलीला समजलं नाही. आई पलंगाच्या कडेवर, कार्डं जरा सरकवून, बसली आणि पाण्याचा पेला तिने तसाच मांडीवर धरून ठेवला. मग तिने जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, वायसर बदलायचा सांगावा तसं. बाबांचा एक नियम होता. नवा दात सुचला की ते तो शिसपेनीने लिहायचे आणि बोलण्यात वापरायला लागायचे, पण मुलीला तो शिकवायचे नाहीत, त्याचा अर्थही सांगायचे नाहीत. ऐकून ऐकून एखाद्या दिवशी मुलीने तो आपणहून, गरज पडली म्हणून वापरला, तरच त्या संध्याकाळी त्यावर शाई फिरायची. दोन तोंडांतून आल्याशिवाय शब्द खरा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एका तोंडातला तो नुसता विचार.

"तो तुझा बाप संध्याकाळी पेन घेऊन बसायचा. तुला वाटायचं, काय करतो?"

मुलीला वाटायचं की ते शाळेतल्या बाईंसारखं सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. आता तिला त्या संध्याकाळी आठवल्या. त्या दिवशी ती काय बोलली होती ते आठवलं नाही, पण बाबांचा चेहरा आठवला.

"मला सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं असतं तर तू त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाली असतीस. मग ते धरत नाहीत." आईने पेल्याची कड बोटाने पुसली. "मी म्हटला होता एक. तू होस्टेलवर गेलीस त्या वर्षी. ऐकून ऐकून पाठच झाला होता. जेवताना म्हटला. त्यांनी मान डोलावली, छान म्हणाले. पण शाई नाही भरली. मी विचारलं तर म्हणाले, तू माझ्यासाठी म्हटलास."

मुलीने टेबलाकडे बघितलं. तीनशे बारा शब्द ती खरोखर बोलली होती. त्यांच्याशेजारी आता पाचशे चोवीस शब्द उभे होते, अगदी तशाच शाईत, तशाच अक्षरात, जणू बापलेक तीस वर्षं रोज बोलतच होते. कुठला शब्द तिच्या तोंडातून आला आणि कुठला कधीच आला नाही, ते आता बाबाही सांगू शकले नसते. आणि बाबांची म्हातारपणाची थरथर, तीही तिनेच चार दिवसांत खोडरबराने झाडून टाकली होती. चुरा अजून टेबलाखाली पडला होता.

"तू घरी यायचीस ना रविवारी," आई म्हणाली, "तेव्हा ते बूट घालताना, दिवा लावताना काहीतरी पुटपुटायचे. एखादा टाकून बघायचे. तू वर बघायची नाहीस, मग ते बूट घालून निघायचे."

ते पुटपुटणं मुलीने ऐकलं होतं. आईला तिने एकदा विचारलंही होतं की बाबा हल्ली स्वतःशी बोलतात, डॉक्टरांना दाखवायचं का.

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. मुलीने उरलेली तेवीस कार्डं एकत्र केली, त्यांच्या कडा जुळवल्या, आणि मग पुन्हा विस्कटून पुन्हा जुळवल्या. बाईंना फोन करून येऊ नका म्हणून सांगावं लागेल, ती म्हणाली. खोटं आहे हे सगळं. आपण खोटी कागदपत्रं देणार नाही.

"सगळं नाही," आई म्हणाली.

बाबा शेवटचे पाच आठवडे अंथरुणावर होते. तोंड इतकं आटलं होतं की त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली त्यांची कवळी त्यांना बसेना. हिरडी सोलली, तेव्हा आईने ती काढून वाटीत ठेवली. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं भरली आणि स्वतः बोळके गेले. कवळीशिवाय त्यांचं बोलणं म्हणजे नुसता वारा, स नाही, त नाही, द नाही, काय हवंय ते कळायचं नाही. ते चिडायचे, आईही चिडायची. मुलीने हे पाहिलं होतं. पहिल्या रविवारी त्यांनी तिला जवळ बोलावून एक लांब शब्द म्हटला होता. त्यातले पुढचे दोन दात तिने ओळखले, तू आणि मला. पुढचं काही कळलं नाही. ती म्हणाली होती, "बाबा, दमू नका." त्यांनी तोंड मिटलं होतं.

"तू गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोलायला लागले," आई म्हणाली. "गुळणीत. आणि अगं, सगळं स्वच्छ. एकेक अक्षर. त्या तोंडासाठीच केलेली ना ती. मग काय करते, शिकले. म्हातारपणी शिकले. डोंबल येत होतं सुरुवातीला. हसायचे मला."

आईने पेला खिडकीत ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "पाहूकेगो."

तिच्या तोंडून तो शब्द इतका सहज आला की मुलीने हातातली कार्डं खाली ठेवली. पा, मी तुम्हाला. हू, वळणं. शेवटचा दात तिने परवाच शाईने लिहिला होता. केगो. दुखलं तर थांबेन या बोलीवर.

"म्हणजे, मी तुम्हाला कुशीवर वळवतेय, आणि दुखलं तर थांबते," आई म्हणाली. "एवढं सगळं आपल्या भाषेत म्हणेपर्यंत माणूस कळवळतो. त्यात एका घोटात होतं. दिवसातून सहा वेळा म्हणायचे मी. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही. त्याशिवाय वळवताच येत नव्हतं."

"मग त्यांनी शाई…"

"पेन धरवत होतं का त्यांना? बोट करून दाखवायचे फक्त. कपाटाकडे."

मुलीने कागद घेतला. आईने एकेक शब्द म्हटला, थांबून थांबून, म्हणताना हातही तसाच हलवत. उशी सरकवताना, पाणी चमच्याने सोडताना, दिवा मालवताना. मुलीने त्यातले दात सुटे केले. शिसपेनीच्या कार्डांतले अकरा दात आईच्या शब्दांत निघाले. मग दोघींनी ती कार्डं हुडकली. आईने चष्मा लावला, मुलगी वाचत गेली, आई मान हलवत गेली, नाही, नाही, हा नाही, थांब, हा. नऊ सापडली मुलीने भरलेल्या ढिगात. त्यांच्यापुरती तरी तिची शाई खरी निघाली, नकळत. उरलेली दोन त्या तेवीसांत होती, पुसट, थरथरती, जशीच्या तशी.

मुलीने पेन शाईत बुडवून आईपुढे धरलं. आई म्हणाली, मला कुठलं येतंय, तुझा हात चांगला आहे, तू कर. मुलीने पेन मागे घेतलं नाही. शेवटी आईने ते घेतलं आणि बाजाराची यादी लिहावी तशा मोठ्या, गोल अक्षरात दोन्ही कार्डं गिरवली. रेघेबाहेर गेलं. एका ठिकाणी डाग पडला. तिने तो फुंकून वाळवला आणि कार्ड दूर धरून बघितलं.

"झालं का, का अजून आहेत?" मुलीने विचारलं.

आईने चष्मा काढून पदराला पुसला. एक आहे, ती म्हणाली. शेवटच्या दोन दिवसांतला. अगदी शेवटी बसतो तो.

"अक्कलदाढ," मुलगी म्हणाली. "मला तो कधीच सांगितला नाही त्यांनी. म्हण ना."

"तो मी तुझ्यापुढे नाही म्हणणार."

हे आईने रागाने म्हटलं नाही. कडी लावावी तसं म्हटलं, आवाज न करता. मुलीने पुढे विचारलं नाही. टेबलावर एकवीस कार्डं होती. तो एक यांत असेल, किंवा तिने आधीच शाईखाली घातला असेल. आईला तो बघून ओळखू आला असता का, तेही विचारायची सोय नव्हती. तिने एकवीसही कार्डं तशीच, शिसपेनीतली, सगळ्यात खालच्या खणात ठेवली आणि खण लावला.

ग्रंथालयातल्या बाईंना तिने फोन केला. उद्या जरूर या, पण एक खण आमच्याकडे राहील. अपुरा आहे का तो, बाईंनी विचारलं. अपुरा नाही, मुलगी म्हणाली, पण राहील. मग तिने एका कोऱ्या कार्डावर, स्वतःच्या अक्षरात, जे कार्यालयातही फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं, एक टीप लिहिली. पाचशे चोवीस कार्डांवरची शाई माझी आहे. त्यांतले नऊ शब्द बोलले गेले आहेत, त्यांच्या मागे खूण केली आहे. बाकीचे माझ्या वडिलांनी एकट्याने केले आणि त्यांना उत्तर मिळालं नाही. मूळ अक्षर असं सरळ नव्हतं.

अर्ज तिने पुन्हा पुढे ओढला. भाषेचं नाव, तिथल्या रेघेवर लिहिलं, गुळणी. बोलणाऱ्यांची संख्या, तिथला एक खोडला आणि लिहिलं: हयात, दोन. एकमेकींशी कधी बोललेल्या नाहीत.

संध्याकाळ झाली होती. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर भाजी धुऊन ठेवलेली होती, तिने सुरी घेतली आणि चिरायला बसली. आई तिच्यामागून आली नाही. मागच्या खोलीतला दिवा लागला, खालचा खण ओढल्याचा आवाज आला, आणि मग आईचा आवाज, हळू, कोणाशी तरी बोलावं तसा. भिंतीपलीकडून पुढचे दात कळत होते. शेवटचा ऐकू येत नव्हता. मुलीने नळ सुरू केला, म्हणजे तो ऐकू येणारच नाही, आणि वायसर खराब असल्यामुळे पाणी बराच वेळ ओट्यावर उडत राहिलं.